जुनं मिग-२१ नव्याने रंगवताना

ज्यांच्या घरातलं कोणी ना कोणी नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) विमान कारखान्यात होतं, त्यांच्या शोकेसमध्ये किंवा माळ्यावर मिग-२१ या लढाऊ विमानाचं एखादं प्लॅस्टिकचं मॉडेल निघण्याची शक्यता बरीच असते. साहजिकच आहे. साठच्या दशकात सोव्हिएत परवान्याने हे विमान भारतात बनवायचं ठरलं तेव्हा कामाची वाटणी झाली : सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला. पुढे ऐंशीच्या दशकापर्यंत ओझरहून ही विमानं बाहेर पडत राहिली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ला निरोप दिला, आणि तेव्हापासून ओळखीतले लोक जुने डबे घेऊन विचारायला लागले आहेत. कोणाचं सुट्या भागांचं किट उघडलेलंच नाही, कोणाचं अर्धवट जोडलेलं, कोणाचं शाळेच्या सुट्टीत ऑइलपेंटने फासलेलं. प्रश्न एकच : याला आता नीट रंगवता येईल का?

येईल. त्यासाठी चित्रकाराचा हात लागतो असा समज आहे, तो मात्र खरा नाही. प्लॅस्टिक, गोंद, लांबी (फटी भरायची पुट्टी), प्रायमर, रंग, डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं), वॉर्निश हे सगळे एकावर एक चढणारे थर आहेत. वरच्या थरातला थिनर खालच्या थराला विरघळवत असेल, तर हात कितीही स्थिर असला तरी काम बिघडतं. कशावर काय चालतं एवढं एकदा समजलं, की बाकीचं सवयीने जमतं.

आधी विमान ओळखा

डब्यावर नुसतं ‘मिग-२१’ लिहिलेलं असलं तरी ते एकच विमान नव्हे. भारतीय हवाई दलाच्या बोलीत त्याला टाइप नंबर होते. १९६३ मध्ये आलेली पहिली थोडी विमानं टाइप ७४, मग टाइप ७६, नाशिकला मोठ्या संख्येने बनलेलं एफएल म्हणजे टाइप ७७, त्यानंतरचं एम म्हणजे ९६ आणि शेवटचं बिस म्हणजे ७५. आकडे चढत्या क्रमाने नाहीत, त्यामुळे गोंधळ होतोच. घरात एचएएलमधून निवृत्त झालेले आजोबा किंवा काका असतील तर त्यांना दाखवा, ते लांबूनच सांगतील.

तसं कोणी नसेल तर नाकाकडे बघा. हवेचा वेग मोजणारी लांब दांडी, म्हणजे पिटो ट्यूब, नाकाच्या खालच्या बाजूला असेल तर ते सुरुवातीचं एफ-१३, म्हणजे टाइप ७४. त्याचं नाक बारीक असतं आणि कॉकपिटची काच पुढच्या काचेसकट एकसंध उघडते. दांडी नाकाच्या वर गेली आणि नाक रुंद झालं की टाइप ७६ किंवा त्यानंतरचं. मग पाठ बघा. कॉकपिटमागचा कणा जितका जाड, तितकं विमान नंतरचं. बिसमध्ये तो सगळ्यात फुगीर, कारण त्यात जास्तीचं इंधन भरलेलं असतं. पंखांखाली शस्त्रं लटकवायच्या दोनच जागा असतील तर एफएलपर्यंतचं, चार असतील तर एम किंवा बिस. एफएलमध्ये अंगची तोफच नव्हती. १९७१च्या युद्धात त्याच्या पोटाखाली वेगळी तोफेची पेटी लावली जायची. ही पेटी बऱ्याच जुन्या किटमध्ये मिळत नाही, आणि प्लॅस्टिकच्या तुकड्यांतून ती घरी बनवणं ही माझ्या मते जुन्या किटमधली सगळ्यात मजेची सुधारणा आहे.

नंतर फूटपट्टी घ्या. मिग-२१च्या पंखांचा विस्तार सुमारे ७.१५ मीटर. किट एकास बहात्तर प्रमाणात असेल तर तो ९९ मिलिमीटरच्या आसपास भरायला हवा, एकास अठ्ठेचाळीस असेल तर १४९. (ही विचित्र प्रमाणं फूट-इंचातून आली आहेत : एक इंच म्हणजे सहा फूट, किंवा एक इंच म्हणजे चार फूट.) शीतयुद्धाच्या काळात पाश्चात्त्य कंपन्यांच्या हाती मिगची खरी मापं नव्हती, अंधूक फोटोंवरून अंदाज बांधलेले असत. त्यामुळे सुरुवातीच्या किटमध्ये नाकाची गोलाई किंवा शेपटीचा कोन चुकलेला आढळतो.

इथे एक निर्णय घ्यावा लागतो. आकाराच्या सगळ्या चुका दुरुस्त करायला बसलात तर विमान कधीच रंगापर्यंत पोहोचत नाही. अर्धी कापलेली, लांबीने माखलेली आणि पुन्हा डब्यात गेलेली मिग मी पुष्कळ बघितली आहेत. मिलिमीटरभर आखूड शेपूट पाहुण्यांना दिसत नाही. जाडजूड पिटो, बोथट पंख आणि धुरकट काच मात्र पहिल्या नजरेत दिसतात. या तीन गोष्टी नीट करा आणि बाकी सोडून द्या.

पिटोसाठी इंजेक्शनची सुई उत्तम. टोक घासून बोथट करा आणि तिच्या पोकळीत बारीक शिवणसुई बसवा, की खऱ्यासारखी पायरी तयार होते. पंखाच्या मागच्या कडेचं गणित करून बघा : ती कड ०.८ मिलिमीटर जाड असेल, तर खऱ्या विमानात ती जवळपास सहा सेंटिमीटर झाली. पंखाचे दोन भाग चिकटवण्याआधी आतल्या बाजूने वॉटर पेपरवर घासले, की बाहेरचं नक्षीकाम न जाता कड पातळ होते.

उठावाच्या रेघा आणि जुना रंग

जुनं किट हातात घेतलं की बोटाला बारीक उठाव लागतात. खऱ्या विमानात पत्र्यांच्या सांध्यावर फट असते, म्हणजे रेघ खोल हवी, मग इथे ती वर का? कारण कारखान्यातला साचा. पोलादाच्या साच्यात रेघ कोरणं सोपं, आणि साच्यात जे खोल ते प्लॅस्टिकवर उंच येतं. प्लॅस्टिकवर खोल रेघ हवी असेल तर साच्यात तेवढी धार उभी ठेवून आजूबाजूचं सगळं पोलाद काढावं लागतं. ते काम महागडं होतं, म्हणून सत्तरच्या दशकापर्यंतच्या बहुतेक किटवर रेघा उठावाच्याच आहेत.

त्या घासून काढून नव्याने कोरायच्या का? हौशी लोकांत यावरून कायमचे दोन गट आहेत. कोरायच्या असतील तर रेघा जाण्याआधी त्यांची जागा पेन्सिलीने टिपून ठेवा, जाड चिकट पट्टीचा आधार घ्या आणि सुईने हलक्या हाताने अनेकदा ओढा. एकदाच जोर लावला तर सुई पट्टीवरून निसटून भलतीकडे जाते. पण ०.१ मिलिमीटरची खाच म्हणजे मूळ विमानात सात मिलिमीटरची फट, आणि हाताने कोरलेली खाच बहुधा याहून रुंदच होते. मला विचाराल तर पहिल्या किटवर उठावाच्या रेघा थोड्या घासून बसक्या करा आणि राहू द्या. रंगाखाली त्या वाटतात त्यापेक्षा बऱ्या दिसतात.

विमान आधीच रंगवलेलं असेल तर तो रंग उतरवला पाहिजे, कारण जाड ऑइलपेंटखाली सगळं नक्षीकाम बुजलेलं असतं. इथेच लोक हार्डवेअरच्या दुकानातून एनसी थिनर आणतात आणि विमानाचा चिखल होतो. हे किट पॉलिस्टायरीनचं असतं. एनसी थिनरमध्ये टोल्युइन आणि तत्सम द्रावकं असतात, आणि ती पॉलिस्टायरीन सरळ विरघळवतात. नेलपॉलिश काढायच्या अ‍ॅसिटोनचंही तेच. गंमत म्हणजे किट जोडायचा पातळ गोंद याच गुणावर चालतो. तो चिकटवत नाही. दोन्ही कडा विरघळवून एकमेकांत मिसळवतो आणि स्वतः उडून जातो. त्यामुळे त्या गोंदाने जोडलेला सांधा नंतर सुटत नाही, तो एकच तुकडा झालेला असतो. फेविक्विकने जोडलेला सांधा वेगळा. तो नुसता वरून धरलेला असतो आणि ठिसूळ असतो. काही तास फ्रीजरमध्ये ठेवून हळूच पिळलं तर बऱ्याचदा सुटतो.

जुना एनॅमल, म्हणजे ऑइलपेंट, उतरवायला गॅरेजमध्ये मिळणारं ब्रेक ऑइल चालतं. ते रंग फुगवतं आणि पॉलिस्टायरीनला सहसा काही करत नाही. तरी भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला लटकलेले असतात तिचा एक तुकडा आधी त्यात रात्रभर बुडवून बघा, जुनं प्लॅस्टिक कधी कधी ठिसूळ होतं. हातमोजे घाला, जुन्या टूथब्रशने घासा, भांडी घासायच्या साबणाने दोनदा धुवा. स्कूटरच्या जवळ हे काम करू नका, तिचाही रंग जाईल. अ‍ॅक्रिलिक रंग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं.

सांध्यांच्या फटी भरायला गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांची लांबी वापरता येते, फक्त पातळ थरात. तिच्यातही द्रावक असतो. जाड भरली तर आतून प्लॅस्टिक मऊ पडतं आणि महिन्याभराने तिथे खळगा दिसतो. भरून झालं की वॉटर पेपर पाण्यात बुडवूनच घासा. धूळ उडत नाही आणि पेपर चोंदत नाही. ४०० नंबरने सुरू करून १००० पर्यंत गेलं तरी पुरतं, चंदेरी रंग द्यायचा नसेल तर.

रंग : कशावर काय चालतं

पहिला थर प्रायमरचा. त्याचं एक काम रंगाला पकड देणं, आणि दुसरं, मला जास्त महत्त्वाचं वाटणारं, दोष दाखवणं. पांढरं प्लॅस्टिक, राखाडी लांबी, पारदर्शक फेविक्विक असं ठिगळाचं अंग एकदम एका रंगाचं झालं की राहिलेल्या फटी आणि ओरखडे लख्ख दिसतात. ते दुरुस्त करा, पुन्हा फवारा. त्याआधी विमान साबणाने धुवा आणि नंतर उघड्या बोटांनी धरू नका. बोटांचं तेल आणि साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं वंगण, दोन्हींमुळे रंग सोलपटतो.

मॉडेलचे रंग ढोबळमानाने तीन जातींचे. अ‍ॅक्रिलिक पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये पातळ होतात, लवकर सुकतात, वास कमी. एनॅमल टर्पेंटाइनच्या जातीच्या थिनरमध्ये पातळ होतात, सुकायला एक-दोन दिवस घेतात, पण ब्रशने रंगवताना छान पसरतात. लॅकर जलाल थिनरचे, मिनिटांत सुकणारे आणि चिवट. नियम असा : जलाल खाली, सौम्य वर. लॅकरवर एनॅमल चालतं, लॅकरवर अ‍ॅक्रिलिक चालतं, एनॅमलवर लॅकर मारलं की खालचा थर सुरकुततो. खुद्द प्लॅस्टिकवर लॅकर प्रायमर चालतो तो केवळ बारीक फवाऱ्यामुळे. पृष्ठभागाला लागेपर्यंत त्यातलं बरंच थिनर उडालेलं असतं, उरलेलं प्लॅस्टिकला किंचित चावतं आणि पकड मजबूत होते. तोच प्रायमर एका जागी ओला साचला तर प्लॅस्टिक खातो.

एअरब्रश असेल तर रंग दुधाइतका पातळ करा आणि दाब १५ ते २० पीएसआय ठेवा. नसेल तर रुंद मऊ ब्रश आणि पातळ अ‍ॅक्रिलिकचे तीन-चार थर. पहिला थर हमखास चट्ट्यापट्ट्यांचा, निराश करणारा दिसतो; तो सुकेपर्यंत हात लावू नका. ओल्या-सुक्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवणं हे ब्रशच्या रेघांचं खरं कारण असतं.

नाशिकच्या हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर किंवा स्प्रेचं वॉर्निश मारलं की चकाकीऐवजी पांढुरकं धुकं येतं. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार करतो आणि हवेतली वाफ तिथेच दवासारखी बसते. पावसाची उघडीप आणि दुपारची वेळ गाठा, नाहीतर त्या दिवसांत कोरणं-घासणं उरका. एप्रिल-मेच्या दुपारी उलटं होतं : अ‍ॅक्रिलिकचे थेंब विमानापर्यंत पोहोचायच्या आत हवेतच सुकतात आणि अंग वाळूसारखं खरखरीत होतं. तेव्हा सकाळी लवकर बसा किंवा रंगात सुकणं लांबवणारं रिटार्डर घाला. डिसेंबर-जानेवारीत सकाळी स्प्रेचा डबा गार पडलेला असतो, दाब कमी होऊन मोठे थेंब उडतात. कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवला की सुधारतो. कोमट म्हणजे कोमटच. उकळत्या पाण्यात डबा फुटू शकतो. आणि खिडकी कायम उघडी हवी.

आता छटा. खऱ्या विमानाचा अचूक रंग मिळवून तो मॉडेलवर दिला तर विमान गडद आणि खेळण्यासारखं दिसतं. एकास बहात्तरचं मॉडेल आपण एका फुटावरून बघतो, म्हणजे खरं विमान सुमारे बावीस मीटरवरून बघण्यासारखं झालं. मधल्या हवेने रंग फिके होतात. अंजनेरीचा डोंगर पायथ्याशी हिरवा-काळा आणि शहरातून निळसर दिसतो, तोच प्रकार छोट्या अंतरावर. शिवाय लहान वस्तूवरचा रंग डोळ्याला मुळातच गडद वाटतो. म्हणून मूळ रंगात दहा-पंधरा टक्के पांढरा किंवा फिकट राखाडी मिसळतात. शुद्ध काळा तर वापरूच नका, टायरलाही गडद राखाडी द्या.

भारतीय मिगला कोणता रंग, हे सालावर आहे. सुरुवातीची विमानं उघड्या धातूची, चंदेरी. १९७१च्या सुमारास अनेकांवर हिरव्या-तपकिरी रंगाचे फटकारे मारले गेले, तेही सगळीकडे एकसारखे नव्हेत, त्यामुळे फोटो समोर असल्याशिवाय सुरुवात करू नका. अखेरच्या काळातली बायसन, म्हणजे सुधारलेली बिस, फिकट राखाडी होती, आणि त्यांची पुढची काच चौकटीविना एकसंध. जुन्या बिसच्या किटमधून बायसन करायचं असेल तर ती काच आधी मिळवा, नुसता राखाडी रंग देऊन भागत नाही. जुन्या मिगच्या नाकातला शंकू आणि शेपटीचं टोक हिरवं असायचं, कारण त्यामागे रेडार आणि अँटेना असतात आणि तो भाग धातूचा नसतो. चाकांच्या चकत्याही हिरव्या. एवढ्या तीन ठिपक्यांनी चंदेरी विमान एकदम मिग वाटायला लागतं.

चंदेरी रंग मात्र सगळ्यात निष्ठुर. मॅट रंगाखाली झाकला जाणारा प्रत्येक ओरखडा त्यात चमकतो. अंग २००० नंबरपर्यंत घासून, त्यावर अस्तर म्हणून चकचकीत काळा रंग देऊन, तो पूर्ण वाळल्यावर मग अ‍ॅल्युमिनियमचा फवारा. खऱ्या विमानाचे पत्रे एका छटेचे नसतात, म्हणून एक-दोन पत्रे चिकटपट्टीने आखून थोडे गडद करा. हार्डवेअरची मास्किंग टेप जास्त चिकट असते. आधी तळहातावर दोन-तीनदा चिकटवून तिचा जोर कमी करा, नाहीतर ती खालचा रंग घेऊनच निघते.

डेकल, चक्रं आणि शेवटचे थर

जुन्या डब्यातले डेकल पिवळे पडलेले असतात. पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवले, की उन्हाने पिवळेपणा बराच उतरतो. ते पाण्यात टाकताच तुकडे होण्याची भीती असते, म्हणून आधी नको असलेला एक डेकल टाकून बघा. तडकला तर उरलेल्या कागदावर पारदर्शक वॉर्निश फवारून नवी साय चढवा आणि प्रत्येक चित्र कडेने कापा.

परदेशी किटमध्ये भारतीय चक्र बहुधा नसतंच. बाहेर केशरी, मधे पांढरं, आत हिरवं. घरच्या प्रिंटरवर पारदर्शक डेकल कागदावर छापता येतं, पण साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. जिथे पांढरं हवं तिथे तो कागद मोकळा सोडतो. राखाडी विमानावर लावलं की मधलं वर्तुळ राखाडी आणि केशरी-हिरवाही मळकट. उपाय दोन : पांढऱ्या डेकल कागदावर छापून गोल कापायचं, किंवा विमानावर आधी पांढरं वर्तुळ रंगवून त्यावर डेकल बसवायचं. मी दुसरा पत्करतो, कारण पांढऱ्या कागदाची कापलेली कड शेवटपर्यंत दिसत राहते. शेपटीवर तिरंग्याची पट्टी आणि अंगावर ‘सी’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक हेही लागेल. बायसनवर ‘सीयू’.

डेकल मॅट रंगावर कधीच लावू नका. मॅट म्हणजे सूक्ष्म खडबडीत. डेकलची साय त्या टेकड्यांवर टेकते, खाली हवा अडकते आणि प्रकाश पडला की चंदेरी झाक मारते. आधी चकचकीत अ‍ॅक्रिलिक वॉर्निश, मग डेकल, कडेला पातळ व्हिनेगरचा हात, आणि पुन्हा वॉर्निशचा थर. आता अंग सीलबंद झालं. त्यावर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला गडद तपकिरी ऑइलकलर रेघांतून फिरवता येतो, कारण टर्पेंटाइन खालच्या वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकला धक्का लावत नाही. अर्ध्या तासाने टर्पेंटाइनने किंचित ओल्या केलेल्या कापडाने, वारा अंगावरून जातो त्या दिशेने, म्हणजे नाकाकडून शेपटीकडे पुसा. रेघांत उरेल तेवढा ठेवा. हवाई दलातलं विमान रोज पुसलं जातं, त्याला चिखलात लोळवू नका. मग मॅट किंवा अर्धमॅट वॉर्निश. चंदेरी विमानाला मॅट देऊ नका.

कॉकपिटची काच शेवटी. तिच्यावरचे ओरखडे टूथपेस्टने घासून जातात. ती बसवायला फेविकॉल वापरा, फेविक्विक नाही. त्याची वाफ काचेवर पांढरी जमते आणि आतून पुसता येत नाही. पिटोची सुई, चाकांची दारं, अँटेना हे सगळं त्याही नंतर. आणि विमान ठेवाल ती जागा पश्चिमेच्या खिडकीसमोर नको. ज्या उन्हाने डेकलचा पिवळेपणा जातो, त्याच उन्हाने केशरी रंगही उडतो.